पोट बरे झाले, मग गुडघा का सुजला? रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस ओळखताना आणि त्यातून सावरताना

मुंबईत पावसाळा लागला की जुलाब, उलट्या आणि तापाच्या रुग्णांनी दवाखाने भरून जातात, आणि त्यांतील बहुतेक जण आठवड्याच्या आत बरे होऊन पुन्हा कामावर जाऊ लागतात. त्यांच्यापैकी थोड्याजणांच्या बाबतीत मात्र पोट पूर्ण शांत झाल्यानंतर, साधारणपणे एक ते चार आठवड्यांनी, एखादा गुडघा किंवा घोटा अचानक सुजतो, गरम लागतो आणि पायावर भार देणे अशक्य होऊन बसते. कारण शोधताना माणूस साहजिकच कालपरवाच्या गोष्टी आठवतो: दादरच्या पुलाच्या ओल्या पायऱ्या उतरताना पाय मुरगळला असेल, गर्दीत उभ्याने प्रवास करून गुडघ्यावर ताण आला असेल. तीन आठवड्यांपूर्वीचे जुलाब त्याला आठवत नाहीत, आणि आठवले तरी पोटाचा गुडघ्याशी काय संबंध, असे वाटून तो ते डॉक्टरांना सांगत नाही. या आजाराच्या निदानाला उशीर होण्याचे मोठे कारण हेच आहे, आणि म्हणूनच इजा झालेली नसताना सांधा सुजला तर मागचा महिना-दीड महिना तारखांसकट आठवून तो डॉक्टरांपुढे मांडावा, हे मी सर्वांत आधी सांगेन.

सांध्यात नेमके काय घडते

रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणजे शरीरात अन्यत्र झालेल्या जंतुसंसर्गाची प्रतिक्रिया म्हणून सांध्यांना येणारी सूज. हा संसर्ग प्रामुख्याने दोन ठिकाणी झालेला असतो. एक म्हणजे आतडी, जिथे साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि येर्सिनिया हे जंतू दूषित अन्नपाण्यातून पोहोचतात. आणि दुसरे म्हणजे मूत्रमार्ग व जननमार्ग, जिथे लैंगिक संबंधातून पसरणारा क्लॅमिडिया हा जंतू याला कारणीभूत ठरतो. या जंतूंशी लढण्यासाठी जागी झालेली प्रतिकारशक्ती संसर्ग ओसरल्यानंतरही शांत होत नाही आणि सांध्याच्या आतील अस्तरावर तसेच कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) हाडाला जिथे चिकटतात त्या जागांवर दाह निर्माण करते. सांध्यातले पाणी काढून नेहमीच्या पद्धतीने तपासले तर त्यात जंतू वाढत नाहीत. जंतूंचे अवशेष सांध्यात पोहोचलेले असतात असे संशोधनात दिसले आहे, परंतु हा सांध्यात पू होण्याचा आजार नव्हे, आणि या दोहोंतला फरक उपचारांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या वयात होतो. पोटाच्या संसर्गानंतर होणारा प्रकार स्त्री-पुरुषांत जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतो, तर क्लॅमिडियानंतरचा पुरुषांत अधिक दिसतो. एचएलए-बी२७ नावाचा जनुकीय गुण ज्यांच्या अंगी असतो त्यांना हा आजार होण्याची आणि तो लांबण्याची शक्यता जास्त असते. सुजलेला सांधा स्वतः संसर्गजन्य नाही, त्यामुळे घरच्यांनी रुग्णापासून दूर राहण्याचे काही कारण नाही. मात्र मूळचे जुलाब किंवा लैंगिक संसर्ग पसरू शकतात, एवढे ध्यानात ठेवावे. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर याच आजाराला 'रायटर्स सिंड्रोम' असे लिहिलेले आढळेल. हान्स रायटर या जर्मन डॉक्टरने १९१६ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले होते, परंतु नाझी राजवटीतील त्याच्या गुन्ह्यांमुळे हे नाव वैद्यकाने आता सोडून दिले आहे, आणि ते योग्यच झाले.

घरच्या घरी काय पाहावे

या आजाराची सूज बहुधा कमरेखालच्या सांध्यांना येते आणि ती दोन्ही बाजूंना सारखी नसते. उजवा गुडघा आणि डावा घोटा, किंवा एकच गुडघा आणि पायाचे एक बोट, अशी विस्कळीत मांडणी दिसते. गुडघ्यात खरोखर पाणी झाले आहे की नुसतेच दुखते आहे, हे पाहण्यासाठी रुग्णाने दोन्ही पाय सरळ करून पाठीवर झोपावे आणि दुसऱ्याने चांगल्या उजेडात दोन्ही गुडघ्यांची तुलना करावी. निरोगी गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना हलकासा खळगा दिसतो. सांध्यात पाणी साठले असेल तर तो खळगा भरून येतो आणि गुडघा गोलसर दिसू लागतो. त्यानंतर हाताची मागची बाजू आधी मांडीवर, मग गुडघ्यावर आणि मग नडगीवर टेकवून पाहावी. निरोगी गुडघा मांडीपेक्षा किंचित थंड लागतो. तो मांडीइतकाच किंवा तिच्याहून गरम लागत असेल तर आत दाह आहे असे धरून चालावे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, परंतु 'गुडघा दुखतो' आणि 'गुडघा सुजला आहे' यांतला फरक तिच्यामुळे स्पष्ट होतो, आणि डॉक्टरांसाठी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

टाचेकडे विशेष लक्ष द्यावे. सकाळी पलंगावरून पहिले पाऊल टाकताना तळटाचेत कळ येणे, किंवा टाचेच्या मागे, जिथे पोटरीची जाड कंडरा हाडाला चिकटते तिथे, दाबल्यावर तीव्र दुखणे, ही या आजाराची अगदी ओळखीची खूण आहे. पुष्कळ जण हे दुखणे चपलेवर ढकलून मोकळे होतात. त्याचप्रमाणे पायाचे किंवा हाताचे एखादे बोट केवळ सांध्याशी न सुजता मुळापासून टोकापर्यंत सलग सुजून जाड होते, तेही महत्त्वाचे लक्षण होय. कंबर आणि कुल्ल्याच्या वरच्या भागातील दुखणे पहाटे वाढत असेल, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ अंग आखडलेले राहत असेल, आणि विश्रांतीने नव्हे तर चालण्याफिरण्याने बरे वाटत असेल, तर ते मणक्याच्या शेवटच्या सांध्यांतील दाहाचे असू शकते. दिवसभर खुर्चीत बसून येणाऱ्या कंबरदुखीची चाल याच्या उलट असते.

सांध्यांबाहेरच्या खुणा सहज निसटतात, कारण रुग्ण त्यांना स्वतंत्र आजार समजतो. डोळे लाल होऊन पाणी येणे, लघवीला जळजळ होणे, तोंडात न दुखणारे फोड येणे, तळपायाला किंवा तळहाताला खपलीदार जाडसर पुरळ उठणे, पुरुषांमध्ये लिंगाच्या टोकावर लालसर चट्टे दिसणे, या गोष्टी एकाच साखळीच्या कड्या असू शकतात. डोळे, लघवी आणि सांधे ही तिन्ही लक्षणे एकत्र असलीच पाहिजेत असे मात्र नाही. बहुसंख्य रुग्णांत ती तशी नसतात, आणि तिन्हींची वाट पाहत बसल्यास निदान हुकते.

ज्यात एक दिवसही थांबू नये

एकच सांधा अतिशय सुजला आहे, तो किंचितही हलवू देत नाही आणि सोबत थंडीताप आहे, अशी स्थिती असेल तर सांध्यात पू झाल्याची शक्यता आधी तपासावी लागते, कारण तसे असल्यास थोड्याच दिवसांत कूर्चेची, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाची, कायमची हानी होते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रविवार आहे किंवा मुसळधार पाऊस आहे म्हणून सोमवारवर ढकलू नये. दुसरी तातडी डोळ्याची. नुसती लाली आणि चिकटपणा असेल तर तो बहुधा आपोआप शमतो, परंतु डोळा आतून ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर डोळ्याच्या आतील पडद्याला दाह झालेला असू शकतो. तेव्हा औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालण्याऐवजी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

मुंबईच्या पावसाळ्यात होणारी गल्लत

जुलै ते ऑक्टोबर या काळात सांधे दुखू लागले की शेजारीपाजारी पहिले नाव चिकुनगुन्याचे घेतात, आणि तो अंदाज पुष्कळदा बरोबरही असतो. चिकुनगुन्यात मात्र सांधेदुखी तापासोबतच, पहिल्या एकदोन दिवसांतच सुरू होते आणि ती बहुधा दोन्ही हातांची बोटे, मनगटे व घोटे अशी दोन्हीकडे सारखी असते. रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिसमध्ये आधीचा आजार संपलेला असतो, मध्ये काही दिवस किंवा आठवडे बरे गेलेले असतात, आणि मग मोजके सांधे सुजतात. मधला हा बऱ्या दिवसांचा टप्पा निदानाचा कणा आहे. चालू ताप असेल आणि डेंग्यू नाही हे रक्ततपासणीने स्पष्ट झाले नसेल, तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉलवरच भागवावे.

युरिक ॲसिडचेही असेच. सांधा सुजला की लॅबमध्ये जाऊन युरिक ॲसिड तपासायचे आणि आकडा थोडा वर दिसला की डाळी, पालक, टोमॅटो बंद करायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. आकडा वाढलेला असूनही गाऊट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा आजार) नसू शकतो, आणि ऐन झटक्यात गाऊट असूनही आकडा सामान्य येऊ शकतो. खात्री सांध्यातल्या पाण्यात स्फटिक दिसण्यानेच होते. आमवातात (रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये) बहुधा हातांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना हळूहळू सुजतात. लहान मुलांना घसा दुखल्यानंतर सांधे एकापाठोपाठ एक सुजत असतील तर संधिवाती तापाचा विचार करावा लागतो, कारण तो हृदयाच्या झडपांना इजा करतो आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

आपल्या शहरात क्षयरोगाचे भान ठेवावेच लागते. क्षयाचे जंतू थेट एखाद्या सांध्यात शिरून महिनोन्‌महिने हळूहळू सूज आणू शकतात. आणि शरीरात अन्यत्र क्षय असताना सांध्यांत जंतू नसूनही सूज येऊ शकते, जिला पॉन्सेचा आजार म्हणतात आणि जी क्षयाच्या औषधांनी बरी होते. वजन घटणे, संध्याकाळचा ताप, रेंगाळलेला खोकला किंवा घरात क्षयाचा रुग्ण असणे, यांपैकी काहीही असेल तर ते न विचारताही सांगावे.

डॉक्टरांकडे नेण्याचा कागद

पालिकेच्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला येणारी मिनिटे थोडी असतात, आणि खासगी दवाखान्यातही परिस्थिती फार वेगळी नाही. म्हणून जाण्यापूर्वी एका कागदावर तारखांनुसार नोंदी लिहून न्याव्यात. त्यात मजकूर असा असावा: '२ जुलै – ऑफिसच्या जेवणानंतर जुलाब, तीन दिवस, एकदा रक्त पडले, ताप होता. ५ जुलै – पोट बरे. १५ जुलै – दोन्ही डोळे लाल, दोन दिवसांत गेले. २० जुलै – डावी टाच सकाळी दुखू लागली. २३ जुलै – उजवा गुडघा सुजला. घेतलेली औषधे – अमुक अँटिबायोटिक पाच दिवस, दुखण्याच्या गोळ्या चार.' एवढ्या ओळी वाचून अनुभवी डॉक्टरांच्या मनात निदानाची दिशा जवळजवळ ठरते. सूज कमीजास्त होत असेल तर ती सर्वाधिक असताना मोबाइलवर दोन्ही गुडघे एकत्र दिसतील असा फोटो काढून ठेवावा. पुरळ आणि लाल डोळा यांचाही फोटो घ्यावा, कारण नंबर लागेपर्यंत ही लक्षणे नाहीशी झालेली असतात.

आता संकोचाच्या प्रश्नाविषयी. गेल्या दोन-तीन महिन्यांत नवीन लैंगिक संबंध आला होता का, लघवीला जळजळ किंवा स्राव होता का, हे डॉक्टर विचारतील आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. अडचण अशी की बहुतेक वेळा रुग्णासोबत आई, बायको, नवरा किंवा मोठा भाऊ खोलीत बसलेला असतो आणि रुग्ण सरळ 'नाही' म्हणून मोकळा होतो. यावर सोपा उपाय आहे: 'डॉक्टर, मला दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे,' असे रुग्णाने म्हणावे, आणि घरच्यांनी ते मनाला लावून न घेता बाहेर बसावे. क्लॅमिडियाची लक्षणे स्त्रियांत बहुधा दिसतच नाहीत आणि पुष्कळ पुरुषांतही नसतात, त्यामुळे त्रास नव्हता म्हणजे संसर्ग नव्हता असे म्हणता येत नाही. अनेक सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' चालते, तिथे गुप्तता पाळून तपासणी आणि समुपदेशन मिळते. उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी: ज्यांना जुलाबांनंतर हा आजार झाला आहे त्यांच्याकडे घरच्यांनी संशयाने पाहू नये. या आजाराचे नाव इंटरनेटवर शोधून नवरा-बायकोत निष्कारण कलह होऊ शकतो, आणि तो टाळणे घरच्यांच्या हाती आहे.

दाखवायचे कोणाला, हाही प्रश्न येतो. सांधा म्हटला की पाय आपोआप हाडांच्या डॉक्टरांकडे वळतात, पण इजा झालेली नसताना आलेल्या सुजेसाठी आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन आणि पुढे संधिवाततज्ज्ञ, हा मार्ग अधिक सरळ आहे. परळचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर किंवा भायखळ्याचे जे. जे. यांसारख्या रुग्णालयांत केसपेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत दाखवता येते. सकाळी लवकर जावे आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवावेत.

तपासण्या

या आजाराचे निदान पक्के करणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. ईएसआर आणि सीआरपी दाह किती आहे ते दाखवतात. आमवाताच्या तपासण्या बहुधा निगेटिव्ह येतात. गुडघ्यात पाणी असेल तर ते सुईने काढून तपासणे सर्वांत उपयोगी, कारण पू आणि स्फटिक या दोन्ही शंका त्यातून निकाली निघतात. सुईची भीती वाटते हे खरे, पण पाणी निघाल्यावर ताण उतरून रुग्णाला तिथल्या तिथे आरामही पडतो. शौचाची तपासणी तोवर पुष्कळदा निगेटिव्ह आलेली असते. क्लॅमिडियासाठी लघवीच्या नमुन्याची जनुकीय तपासणी होते, आणि एचआयव्हीची तपासणीही सोबत करून घेणे शहाणपणाचे. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह असलेले बहुसंख्य लोक आयुष्यभर निरोगी राहतात आणि ती निगेटिव्ह असूनही हा आजार होऊ शकतो, त्यामुळे या एका रिपोर्टवरून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. ती आयुष्यात एकदाच करायची तपासणी आहे. पुन्हा पुन्हा पैसे घालवू नयेत.

उपचार

दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, उदाहरणार्थ नॅप्रोक्सेन किंवा इंडोमेथासिन, हा उपचाराचा पाया आहे. त्या दुखले की एक अशा न घेता डॉक्टरांनी ठरवलेल्या पूर्ण मात्रेत, नियमितपणे, साधारण दोन ते चार आठवडे घ्याव्या लागतात, तरच दाह उतरतो. जेवणानंतर घ्याव्यात, आणि पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, उच्च रक्तदाब किंवा गर्भधारणा असल्यास आधी सांगावे. जुलाब अजून चालू असतील आणि शरीरातले पाणी कमी झाले असेल तर या गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. एकच सांधा हट्टाने सुजलेला राहिला तर पू नसल्याची खात्री करून त्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. काही महिन्यांतही आजार हटला नाही तर सल्फासॅलाझिन किंवा मेथोट्रेक्सेट दिले जाते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते, म्हणून ठरलेला वार गोळ्यांच्या पाकिटावर ठळक लिहून ठेवावा. दोन्ही औषधांत रक्ताच्या आणि यकृताच्या नियमित तपासण्या चुकवू नयेत. याहून पुढची, प्रतिकारशक्तीतील ठरावीक घटकांना रोखणारी बायोलॉजिक औषधे फार थोड्यांना लागतात, आणि ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी अनिवार्य आहे.

क्लॅमिडिया सापडल्यास अँटिबायोटिकचा कोर्स रुग्णाने आणि जोडीदाराने दोघांनीही पूर्ण करावा, नाहीतर संसर्ग परत येतो. पोटाचा संसर्ग होऊन गेल्यावर मात्र सांध्यांसाठी म्हणून अँटिबायोटिक घेत राहण्याचा सहसा उपयोग होत नाही.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. 'एका डोसात आराम' देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या आणि काळ्या गोळ्या अनेक वस्त्यांमध्ये मिळतात, आणि अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. दुखणे खरोखर थांबते, म्हणूनच लोक त्या महिनोन्‌महिने घेत राहतात. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो आणि अचानक बंद केल्यास जीव धोक्यात येतो. ज्या औषधावर त्यातील घटकांचे नाव छापलेले नाही ते घेऊ नये.

रोजचे दिवस

सूज ऐन भरात असताना पहिले काही दिवस सांध्याला विश्रांती द्यावी, रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि गरम तेलाने रगडून मालिश करणे टाळावे. परंतु पूर्ण अंथरूण धरल्यास मांडीचे स्नायू झपाट्याने बारीक होतात. म्हणून पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, तो गुडघ्याने खाली दाबून पाच सेकंद धरावा आणि सोडावा. हा व्यायाम पलंगावरही दिवसातून तीन-चार वेळा करता येतो. टाच दुखत असेल तर घरातही अनवाणी फरशीवर न चालता मऊ, टाचेला उशी असलेली चप्पल घालावी. खाली बसण्याचे शौचालय असेल तर काही आठवडे खुर्चीचा आधार घ्यावा. गर्दीच्या वेळेची लोकल आणि पुलांचे जिने टाळण्यासाठी ऑफिसात वेळ बदलून मागायला संकोच करू नये; डॉक्टरांकडून तसे लिहून घेता येते.

बहुतेक रुग्ण तीन ते सहा महिन्यांत, काही जण वर्षभरात पूर्ण बरे होतात. थोड्यांच्या बाबतीत आजार रेंगाळतो, आणि बरे झालेल्यांनाही नव्या संसर्गानंतर तो पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून पुढच्या पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे, इमारतीची टाकी साफ झाल्याची चौकशी करावी, उघड्यावरचे कापलेले फळ आणि बर्फ टाळावा, आणि नव्या संबंधांत निरोध वापरावा. तरीही सांधा पुन्हा सुजला तर कपाटातल्या जुन्या गोळ्या काढून सुरू करण्याआधी जुनी फाइल काढावी, नव्या तारखांचा कागद तिला जोडावा आणि त्याच डॉक्टरांना दाखवावे, कारण एकदा रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस झालेल्या माणसाच्या सांध्यातही पुढच्या वेळी पू होऊ शकतो, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही.